‘हे साइडला असतात’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना काय सांगू?

ताई,

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, साताऱ्यात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नोकरी सांभाळून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं नाटकं केली, मग मराठी चित्रपट आणि मालिकांमध्ये छोट्या भूमिका. हवालदार, पोस्टमन, सरपंचाच्या मागचा माणूस, नायिकेचा मामा. लोक रस्त्यात थांबवून ‘तुम्ही त्या सिरीयलमधले ना?’ विचारतात, पण नाव कुणाला आठवत नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात आमच्याच पाहुण्यांनी ओळख करून दिली, ‘हे पिक्चरमध्ये असतात, साइडला.’ सगळे हसले, आण्णाही हसले. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचे फोटो काढून माळ्यावर टाकले. त्याच आठवड्यात वाईजवळ सुरू होणाऱ्या एका मालिकेतून फोन आला. आजोबांची भूमिका, महिन्याला दहा-बारा दिवस. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. दादा म्हणाला, ‘बरं झालं. त्या नादात आयुष्य घातलं, मिळालं काय?’ आई गप्प आहे. मला दादाचा राग येतो. पण खरं सांगते, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा आण्णा शूटिंगला होते. आता त्यांना शुगर आहे. पुढच्या महिन्यात पासष्ट पूर्ण होतील. मोठा हॉल घेऊन सत्कार करावा का? ते काम घ्या म्हणून आग्रह करू का? आणि त्यांचं आयुष्य खरंच वाया गेलं का, एवढं सांगा.

— एक लेक, सातारा

प्रिय लेकी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात तसाच राहिला तर बाकीच्या दोन्हींची उत्तरं चुकतील.

आण्णांचं आयुष्य वाया गेलेलं नाही. पण ‘भूमिका कधी छोटी नसते’ असलं वाक्य सांगून मी तुझी बोळवण करणार नाही. ते त्यांनी खूप वेळा ऐकलं असेल आणि त्यातून त्यांच्या पदरी काहीच पडलं नसेल. भूमिका छोटी असते. तिचे पैसे कमी असतात, पोस्टरवर तिला जागा नसते, आणि नामावली पडद्यावर पळायला लागली की प्रेक्षक उठतो किंवा चॅनेल बदलतो. हे मान्य करूनच पुढं बोलू.

मी बरीच वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत बसणाऱ्याला जे दिसतं ते प्रेक्षागृहातून दिसत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या एका प्रयोगात आमचा मुख्य नट दुसऱ्या अंकात एकदम दोन पानं पुढं गेला. मी आतून वाक्य देतेय, त्याला ऐकू जात नाही. त्याने गाळलेल्या पानांत एक पत्र सापडायचं होतं आणि त्या पत्रावर तिसरा अंक उभा होता. घरगड्याचं काम करणाऱ्या माणसाला त्या प्रवेशात फक्त पाणी आणून ठेवायचं होतं. तो तांब्या घेऊन आला, जाता जाता वळला आणि म्हणाला, ‘मालक, मघाशी खुंटीवरच्या कोटातून काहीतरी पडलं बघा.’ नाटक रुळावर आलं. वाक्य त्याने तिथल्या तिथे रचलं होतं. परीक्षकांना त्याचा पत्ताही लागला नाही, आणि बक्षीस मुख्य नटाला मिळालं. तो नट चांगलाच होता, बक्षीस त्याला मिळालं ते योग्य झालं. पण त्या रात्री नाटक कुणी वाचवलं हे आम्हा विंगेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

कॅमेऱ्यासमोर हे आणखी बारीक होतं. नायिकेचा क्लोजअप लागतो तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून तिला क्यू कोण देतो? समोरचा मामा. त्या शॉटमध्ये त्याचा चेहरा नसतो. तरी त्याने वाक्य मनापासून टाकलं तर तिच्या डोळ्यांत आपोआप पाणी येतं. कागद वाचल्यासारखं म्हटलं तर ग्लिसरीन काढावं लागतं. मालिकेत दिवसाला ढीगभर सीन उरकायचे असतात. ज्याचं पाठांतर पक्कं आहे, ठरवून दिलेल्या खुणेवर, मार्कवर, जो बरोबर थांबतो, मागच्या शॉटला कप कुठल्या हातात होता हे ज्याच्या लक्षात राहतं, दुसऱ्याच्या वाक्यावर जो हलत नाही, त्याच्यामुळे युनिटचा वेळ वाचतो. असा माणूस दिग्दर्शक पुन्हा बोलावतो, दुसऱ्यालाही त्याचं नाव सुचवतो.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तो फोन. या धंद्यात दया दाखवायला कुणाला फुरसत नसते, आणि वशिल्याने एखाद-दुसरं काम मिळतं. पस्तीस वर्षांनी, चौसष्टाव्या वर्षी, आण्णांनी न मागता त्यांना फोन येतो, तो त्यांचं काम ठाऊक आहे म्हणून येतो. दादाने ‘मिळालं काय’ विचारलं ना, त्याच्या उत्तराची सुरुवात इथून कर.

तू साताऱ्याची आहेस म्हणून डॉ. श्रीराम लागूंबद्दल लिहिते. त्यांचा जन्म साताऱ्याचा, १९२७ चा. कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे लागू असं समीकरण झालं. हाच माणूस हिंदी चित्रपटांत कोण होता? नायिकेचा बाप, जज, डॉक्टर, पोलीस कमिशनर. ‘घरौंदा’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं तेही सहाय्यक अभिनेत्याचं. १९८२ च्या इंग्रजी ‘गांधी’मध्येही त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले केले. काम काही मिनिटांचं. पण आधी हा देश पाहून घ्या असं गांधींना सांगतात ते गोखलेच, आणि तिथून चित्रपट भारतभर फिरायला लागतो. त्या प्रसंगात लागूंचा आवाज ऐक. मोठं काही घडतंय असा आविर्भाव त्यात कुठेच नाही. थकलेल्या, जाणत्या माणसाने घरात बसून बोलावं तसं ते बोलतात, आणि म्हणून गांधी ऐकतील हे आपल्याला पटतं.

एकच नट, तीच ताकद, एका भाषेत मध्यभागी आणि दुसरीत कडेला. कुणी कुठं उभं राहायचं हे पटकथा ठरवते, बाजार ठरवतो, कधी नुसता चेहरा ठरवतो. लग्नातल्या पाहुण्यांनी त्या जागेवरून माणसाची किंमत काढली. आपल्याकडे सरकारनेही बराच काळ तेच केलं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जातात, पण सहाय्यक अभिनेता आणि अभिनेत्री यांच्यासाठी त्यात जागा झाली ती १९८४ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी व्हिक्टर बॅनर्जी आणि रोहिणी हट्टंगडी. मधल्या तीस वर्षांत किती जणांनी किती सुंदर कामं केली असतील, त्यांची दखल घ्यायला रकानाच नव्हता. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

साताऱ्यात तुमच्याकडे आणखी एक होत असणार. कुणीतरी आण्णांना सयाजी शिंदेंचं उदाहरण देत असेल. वेळे-कामथीचा मुलगा, पाटबंधारे खात्यात वॉचमन, तिथून नाटक, मग १९९९ च्या ‘शूल’मधला बच्चू यादव आणि पुढं थेट तमिळ-तेलुगूपर्यंत. जिल्ह्याने अभिमान धरावा अशीच ही वाटचाल आहे. पण ती आण्णांना प्रोत्साहन म्हणून ऐकवू नकोस, दुसऱ्यालाही ऐकवू देऊ नकोस. पासष्टीला आलेल्या माणसाला दुसऱ्याचं शिखर दाखवलं की त्याला स्वतःचा रस्ता दिसेनासा होतो.

आता दादा. त्याच्यावर रागावू नकोस. पैशाच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. या कामात पैसा फार थोड्यांना मिळाला, आणि कधी कधी नायकालाही मिळाला नाही. खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे राजा गोसावी १९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’चे नायक होते. तो चित्रपट पुण्यात भानुविलास थिएटरला लागला तेव्हा तिथेच ते तिकिटं विकत होते. आण्णांनी हे ओळखलं होतं असं मला वाटतं, म्हणून तर त्यांनी एस.टी. सोडली नाही. तुमची फी, घरभाडं, आजारपणं वर्कशॉपच्या पगारावर निघाली. नाटक-सिनेमासाठी त्यांनी खर्च केल्या त्या रजा. आणि त्या रजा तुमच्या होत्या.

तू पत्रात दहावीच्या निकालाचं एक वाक्य घातलंस आणि लगेच शुगरवर गेलीस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादाकडेही असा एखादा दिवस असणार. ‘मिळालं काय’ हे तो आण्णांच्या वतीने विचारत नाहीये. ‘मला काय मिळालं’ असं विचारतोय, पण तसं म्हणायची आपल्या घरांत मुलांना सवय नसते. एकदा त्याच्याजवळ बस आणि वाद न घालता विचार, ‘दादा, तुझा कुठला दिवस होता?’ तो सांगेल. मग तू तुझा सांग. आईलाही विचार. शूटिंगच्या दिवसांत घर तिने एकटीने ओढलं, आणि तिच्या गप्प बसण्यात कौतुक किती आणि थकवा किती हे तुम्हा दोघांना माहीत नसावं.

त्यानंतर आण्णांशी बोल आणि निकालाच्या दिवसाचं सरळ विचार. ‘तुम्ही नव्हता, मला वाईट वाटलं होतं. त्या दिवशी कुठलं काम होतं?’ हा प्रश्न त्यांना टोचेल, पण पाहुण्यांच्या हसण्याइतका नक्कीच नाही, कारण तो त्यांच्या कामाला धरून आहे. कदाचित ते माफी मागतील. कदाचित त्या कामाबद्दल एवढं बोलतील की तुलाच नवल वाटेल. दोन्हीला वेळ दे.

इथं मला तुझ्या पत्राबद्दलच एक गोष्ट सांगायची आहे. तू यादी दिलीस, हवालदार, पोस्टमन, मागचा माणूस, मामा. पण आण्णांचा एकही प्रसंग लिहिला नाहीस. त्यांनी पोस्टमन कसा केला? चालायचे कसे? पत्र देताना दारात थांबायचे की पायरीवर बसायचे? पस्तीस वर्षांतला एक तरी क्षण तुझ्या डोळ्यांसमोर आहे का? नसेल तर त्यात तुझा दोष धरत नाही. घरातला माणूस टीव्हीवर आला की आपण ‘आले आले’ म्हणून ओरडतो आणि त्या गडबडीत त्याने काय केलं ते राहून जातं. पण छोटी भूमिका करणाऱ्याला खरी उणीव हीच असते. नाव विसरलं तर तो सोसतो. आपण काय केलं ते कुणी पाहिलंच नाही, हे त्याला सोसत नाही. त्या लग्नात ‘साइडला’ या शब्दाहून जास्त लागलं असेल ते हे, की हसणाऱ्यांतल्या एकानेही त्यांचं एखादं काम आठवून सांगितलं नाही. आणि सांगू शकणारं माणूस त्यांच्या घरातूनही पुढं आलं नाही.

म्हणून सत्काराबद्दल माझं स्पष्ट मत आहे की हॉल घेऊ नकोस. फेटा, शाल, श्रीफळ, कुणा पुढाऱ्याचं भाषण, त्यात ‘कलेची सेवा केली’ हे वाक्य चार वेळा, आणि पहिल्या रांगेत तेच पाहुणे. आण्णा पुन्हा एकदा हसून घेतील आणि घरी आल्यावर काय करतील ते तुला ठाऊक आहे.

त्यापेक्षा एक वही कर. प्रत्येक कामासाठी एक पान. नाटक, चित्रपट की मालिका, साल, दिग्दर्शक, भूमिका, शूटिंग कुठं झालं, समोर कोण होतं, आणि त्या कामातली एक आठवण. जुने मराठी चित्रपट यूट्यूबवर बरेच सापडतात, मालिकांचे जुने भाग वाहिन्यांच्या अ‍ॅपवर असतात. आण्णांना शेजारी बसवून शोध. त्यांचा प्रसंग आला की थांबव आणि कामाचे प्रश्न विचार. हा शॉट कितव्या टेकला ओके झाला? कपडे तुमचे होते की ड्रेसवाल्याने दिलेले? इथं तुम्ही मान खाली घातली ते दिग्दर्शकाने सांगितलं की तुम्हाला सुचलं? असे प्रश्न विचारणारं माणूस त्यांना घरात आजवर भेटलेलं नाही. उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड कर. दादाला यात ओढायचं असेल तर क्लिप कापून एकत्र जोडायचं काम त्याच्याकडे दे. पंचवीस-तीस मिनिटांची फीत झाली तरी भरपूर.

वाढदिवसाला ती घरीच लाव. शेजारपाजार, वर्कशॉपमधले जुने सोबती आणि ज्यांच्याबरोबर त्यांनी कामं केली त्यांतले जे येऊ शकतील ते बोलव. शाहू कला मंदिरात त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभे राहिलेले कुणी ना कुणी साताऱ्यात असतीलच. मेकअपवाल्या दादांना, नेपथ्य लावणाऱ्यांना विसरू नकोस. ही माणसं बोलायला लागली की तुला वडिलांबद्दल अशा गोष्टी कळतील ज्या त्यांनी स्वतः कधी सांगितल्या नसत्या. पाहुण्यांनाही बोलव. त्यांना काहीएक सुनवायचं नाही, फक्त बसवून दाखवायचं.

आता मालिकेचं. आग्रह करू नकोस. पण तो नकार शेवटचाही समजू नकोस, कारण तो त्या लग्नाच्या आठवड्यात दिलेला आहे. त्यांना एवढंच म्हण, ‘आण्णा, थकलात म्हणून नको म्हणत असाल तर विषय संपला. पण पाहुण्यांमुळे म्हणत असाल तर पुन्हा विचार करा.’ मग आठवडाभर काही बोलू नकोस. मालिकेवाल्यांना त्यांच्या पाठीमागे फोन तर मुळीच करू नकोस. भूमिका अजून मोकळी असली तर ते स्वतः विचारतील, गेली असली तर दुसरी येईल. आजोबा-आजीच्या भूमिकांचं महत्त्व तुमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ‘लागिरं झालं जी’ मालिकेतली आजी, जिजी, लोकांना घरातलीच वाटायची. ती करणाऱ्या कमल ठोके शिक्षिका होत्या, आणि त्यांना महाराष्ट्राने ओळखलं ते उतारवयात.

तब्येतीची काळजी मात्र खरी आहे आणि तिच्यावर मी पांघरूण घालणार नाही. आशालता वाबगावकर ‘मत्स्यगंधा’ नाटकातली गाणारी सत्यवती, पुढं हिंदी-मराठीत असंख्य वेळा आई आणि वहिनी. २०२० च्या सप्टेंबरमध्ये, कोरोनाच्या काळात, मालिकेच्या शूटिंगदरम्यान त्यांना लागण झाली आणि त्या तुमच्या साताऱ्यातच गेल्या. वय ७९ होतं. शेवटपर्यंत काम करायची त्यांची जिद्द मोठी होती, पण वयस्क कलाकाराची काळजी कागदावर ठरवून घ्यावी लागते हे आपण सगळ्यांनी त्यातून शिकायला हवं होतं.

तेव्हा आण्णांनी होकार दिलाच, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मग मालिकेवाल्यांशी या गोष्टी बोलून घ्या. शिफ्ट साधारण बारा तासांची असते, तर कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, आणि पॅकअपची वेळ काय? नाइट शूट नको, हे आधीच सांगायचं. वाईपर्यंत नेण्या-आणण्याची गाडी त्यांची की तुमची? शुगरच्या माणसाला जेवण वेळेवर लागतं. सीन लांबला म्हणून ताट दोन तास पुढं गेलं असं चालणार नाही, हे प्रॉडक्शनला पहिल्याच दिवशी सांगावं, आणि डब्यात खायला काहीतरी आपलंही असावं. पैसे दिवसावर ठरतात आणि मालिकांत ते हातात पडायला तीन-तीन महिने लागतात, म्हणून दर, दिवस आणि पैसे मिळण्याची मुदत करारात लिहून घ्या. टीडीएस दहा टक्के कापला जातो. एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, बरेच छोटे कलाकार हे करतच नाहीत. आणि आजोबांचा ट्रॅक, म्हणजे त्या पात्राचा कथेतला भाग, कधीही संपू शकतो, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच मनाशी धरून ठेवा. यातलं पुष्कळ आण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. हे मी तुझ्यासाठी लिहिलं आहे. या वेळी त्यांच्या कामाचे बारकावे घरातल्या कुणाला तरी माहीत असू देत.

लग्नकार्यात पुन्हा तसा प्रसंग आला तर काय, हेही सांगते. ओळख करून द्यायचं काम पाहुण्यांवर सोडू नकोस. तू पुढं हो. ‘हे माझे वडील. अमुक चित्रपटातला पोस्टमन यांनी केलाय. तार आल्यावर ती आधी स्वतः वाचतो आणि मग दार वाजवायचं थांबतो, तो प्रसंग.’ माझ्या मनाने मी तार घातली. खरा प्रसंग तुला वहीतून मिळेल. येत्या रविवारी बस आणि सुरुवात पोस्टमनपासून कर. आण्णांनी मालिका घेतली तर तिचं नाव आणि वेळ मला कळव.

तुझी,
ताई